आतड्याची माणसं

अण्णांना मूळव्याध होती. घरात तसं कुणी बोलून दाखवलं नाही. एके दिवशी भाजीत सुरण दिसायला लागला, जेवणानंतर ताक सक्तीचं झालं, रात्री झोपताना इसबगोलाचा पेला आला, आणि लालबागच्या चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सगळ्यांना कळलं, की अण्णांना 'तो त्रास' आहे. ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. दिवसभर उभं राहायचं, वेळी-अवेळी जेवायचं, तिखटाशिवाय घास उतरायचा नाही. मूळव्याध नाही होणार तर काय होणार, असं आई म्हणायची. तेव्हा लोकलच्या डब्यात दाराजवळ स्टिकर असत : मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, गॅरंटी. असल्याच एका पत्त्यावरून अण्णांनी पुड्या आणल्या आणि दीड वर्ष घेतल्या.

रक्त किती जातंय हे त्यांना स्वतःलाही नीट ठाऊक नसावं. आमच्या मजल्यावर बावीस खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. चौघांत मिळून एक दिवा, बाहेर टमरेल घेऊन दोघं-तिघं ताटकळलेले. तिथे कोण वाकून बघत बसणार?

२००३ साली, रिटायरमेंट तोंडावर असताना, अण्णा ड्युटीवर चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. मग परळच्या हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या, कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे खालून नळी घालून आतडं आतून बघितलं, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. त्यानंतर चौदा महिने आम्हाला मिळाले.

त्या रिपोर्टची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. त्यात खाली एका ओळीत मूळव्याधीचाही उल्लेख आहे. म्हणजे आई चुकीचं बोलत नव्हती, पुड्यावालाही अगदीच खोटं बोलत नव्हता. मूळव्याध होतीच. फक्त ती आहे म्हणून तिच्या वर, आणखी आत, दुसरं काही नसेल असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. रक्ताला एक कारण सापडलं की माणूस दुसरं शोधत नाही.

खरं तर मराठीला पोटाचं वावडं नाही. आपण दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो, पोटाला चिमटा काढून पोरं शिकवतो, भीती वाटली की पोटात गोळा येतो आणि शेजाऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं. आतड्यांबद्दल तर आपण फारच हळवे. पोर आजारी पडलं की आतडं तुटतं, आणि जिवाभावाच्या माणसाला तर आतड्याचं माणूसच म्हणतो. पण हेच आतडं शेवटच्या हात-दीड हातावर आलं, की भाषा चपला काढून दाराबाहेर उभी राहते. मग 'तो त्रास', 'बाहेरचं', 'दोन नंबर', 'तिकडची जागा'. डॉक्टरसमोर बसूनही. मूळव्याधीच्या गाठीला तर आपण मोड म्हणतो. मटकीला येतात तेच मोड. इतका घरगुती शब्द दिल्यावर त्याची भीती तरी कशी वाटावी?

माझा नंबर लागला तो गेल्या वर्षी. मी ५२ वर्षांची. भांडुप स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. आधी वाटलं वजन, मग वाटलं वय. तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ आणि शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. बायकांच्या अंगात रक्त कमीच असतं, हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की मी खजूर आणि गुळाची ढेप घेऊन मोकळी झाले होते. डॉक्टरबाईंनी मात्र विचारलं, पाळी चालू आहे का? म्हटलं, दोन वर्षांपूर्वी गेली. "मग हे लोह जातंय कुठे?" त्या म्हणाल्या.

हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईच्या किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषाच्या अंगातलं लोह असं आटलं, तर बऱ्याचदा रक्त पोटात कुठेतरी थेंबाथेंबानं गळत असतं. इतकं हळू, की डोळ्यांना काही दिसत नाही. ते जठरातल्या व्रणातून गळू शकतं, तसंच मोठ्या आतड्यातूनही. कधी गळती नसतेच, लहान आतडं लोह शोषून घ्यायलाच कुचराई करत असतं. म्हणून वरून आणि खालून, दोन्हीकडून बघायचं.

मग त्यांनी घरच्यांचं विचारलं. मी अण्णांचं सांगितलं. "वय काय होतं तेव्हा?" मी म्हटलं, ५८. त्यांनी पेन खाली ठेवलं. आई-वडील, सख्खं भावंड किंवा मूल, यांपैकी कुणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर बाकीच्यांनी ४०व्या वर्षी, किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यायची, मग त्रास असो वा नसो. म्हणजे मी बारा वर्षं उशिरा आले होते. २००३मध्ये हे कुणी आम्हाला सांगितलं नसेल, किंवा सांगितलंही असेल आणि त्या धावपळीत आमच्या कानांपर्यंत पोचलं नसेल. आता आठवत नाही.

आतड्याचं नातं म्हणतात ते हेही असतं, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. धाकटा भाऊ डोळ्यांसमोर आला. त्याचं वय ४७.

आपल्याकडे या तपासणीला दुर्बिणीची तपासणी म्हणतात. मला हा शब्द आवडतो. चंद्र बघायला वापरतात ती वस्तू आपण स्वतःच्याच पोटात घालतो, कारण तेही तितकंच लांब असतं. पण ही दुर्बीण सुरुवातीला काही वाकत नव्हती. १८६८ साली जर्मनीत आडोल्फ कुसमाउल नावाच्या डॉक्टरनं जिवंत माणसाच्या जठरात डोकावायचं ठरवलं, तेव्हा त्याच्याकडे होती सरळ, ताठ नळी. ती गिळणार कोण? त्यानं तलवार गिळण्याचे खेळ करणारा एक माणूस गाठला. पुढे बरीच वर्षं हे असंच अर्धवट चाललं. अडचण फुटली ती १९५४ला. पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी तेव्हा लंडनला हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याकडे काम करत होते. काचेच्या बारीक तंतूंची जुडी वाकवली तरी चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं, हे त्या दोघांनी छापलं. ते वाचून बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टरनं अमेरिकेत लवचीक दुर्बीण बनवून घेतली आणि १९५७ साली आधी स्वतःच गिळून पाहिली. कपानींना २०२१मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, तेव्हा बातम्यांत सगळा भर इंटरनेटच्या केबलवर होता. करोडो लोकांच्या पोटात उजेड पडला तोही त्याच काचेच्या धाग्यांतून, हे फारसं कुणी म्हणालं नाही. आता तर धागेही मागे पडले. टोकाला इवलासा कॅमेराच असतो.

तर तयारी. कोलोनोस्कोपी अवघड असते असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगते, की अवघड असतो तो आदला दिवस. तपासणीच्या वेळी तुम्ही गुंगीत असता.

हाती एक छापील कागद दिला होता. तीन दिवस आधीपासून चोथा बंद. चोथा म्हणजे काय ते मराठी स्वयंपाकघरात बसून वाचलं की कळतं, की आपण रोज जे काही पौष्टिक म्हणून खातो ते सगळं बाद. भाकरी बाद, पालेभाजी बाद, मटकी बाद, गवार बाद. बिया असलेलं सगळंच बाद : टोमॅटो, वांगं, पेरू, डाळिंब, तीळ. बिया आतड्याच्या घडीत अडकून बसतात आणि कॅमेऱ्यासमोर येतात. चालतं काय, तर पांढरा मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, इडली, साल काढलेला उकडलेला बटाटा, अंडं, मासे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी डॉक्टरनं पालेभाजीला नाही आणि पापलेटाला हो म्हटलं होतं. यजमानांनी कागद वाचला, हलकं खायचं एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं, आणि ते उत्साहानं म्हणाले, मग साबुदाण्याची खिचडी करतो की मी! दाण्याचं कूट घालून. उपास आणि पोट साफ ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली.

आदल्या दिवशी फक्त पातळ. पेल्यात ओतल्यावर पेल्याचा तळ दिसेल तेच प्यायचं. नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप. कोकम सरबत मात्र नाही. मला फार वाईट वाटलं, पण कारण पटलं : लाल रंग आत राहिला तर तो रक्तासारखा दिसतो. बीट नाही, कलिंगडाचा रस नाही, तसलं काहीच नाही.

औषधांचं वेगळंच. रक्त वाढावं म्हणून मला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या आठवडाभर आधी बंद करायला सांगितल्या, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं आणि कितीही धुतलं तरी आतड्याला चिकटून राहतं. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी तसंच घेतलं तर साखर घसरते, ते डोस डॉक्टर बदलून देतात. आणि रक्त पातळ करणारी गोळी. आमच्या मजल्यावरच्या काकांना हृदयात स्टेंट बसवलेला आहे. माझी तयारी ऐकून ते म्हणाले, मी असतो तर ती गोळी आठवडाभर आधीच बंद केली असती, रक्त यायला नको उगाच. आपल्या मनानं करायची ती चूक हीच. कुठली गोळी थांबवायची, किती दिवस, आणि कुठली अजिबात थांबवायची नाही, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. थांबवलेल्या गोळीनं स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर ती पोटातल्या चार थेंब रक्तापेक्षा फार महाग पडते.

मग आतडं धुऊन काढायची पावडर. ती दोन लिटर पाण्यात कालवायची. चव लिंबू पिळलेल्या समुद्राची. हे जुलाबाचं साधं औषध नव्हे. ही पावडर अंगात शोषली जात नाही, स्वतःबरोबर पाणी धरून ठेवते आणि ते सगळं पाणी आतड्यातून तसंच पुढे वाहत जातं. म्हणून साधारणपणे अशक्तपणा कमी येतो. अर्धी संध्याकाळी घ्यायची, अर्धी पहाटे. पूर्वी सगळी आदल्या रात्री देत. दोन हप्त्यांत घेतली की आतडं जास्त स्वच्छ होतं, कारण रात्रभर वरून पित्त आणि चिकट पाणी उतरत राहतं, ते पहाटेच्या लिटरनं धुतलं जातं. मी फ्रीजमध्ये गार करून, स्ट्रॉनं, दर पंधरा मिनिटांनी एक पेला असं घेतलं. तिसऱ्या पेल्याला पोट डमरूसारखं फुगलं आणि काहीच होईना. मी घरात येरझाऱ्या घातल्या. मग जे सुरू झालं ते सुरू झालं.

इथे भांडुपची एक गंमत सांगायलाच हवी. मुंबईला येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं आमच्या भांडुप कॉम्प्लेक्समध्ये शुद्ध होतं. शहराचं पाणी आमच्या उशाशी गाळलं जातं आणि आमच्या बिल्डिंगला पाणी येतं सकाळी दोन तास. म्हणून रात्रीच पिंप, बादल्या, कुकर, मिळेल ते भरून ठेवलं होतं. जेट स्प्रे, मऊ टॉवेल, व्हॅसलीन. शेवटच्या वस्तूबद्दल कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. ते मी तुम्हाला सांगते. बाराव्या खेपेला तुम्ही मला दुवा द्याल.

पहाटे पाचला दुसरा लिटर. साडेसातला संपवला, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही, कारण भूल देताना पोटात पातळही काही असेल तर ते उलटून श्वासनळीत जायची भीती असते. शेवटी शौचातून पडणाऱ्या पाण्याचा रंग काय असावा हेही कागदावर होतं : फिकट पिवळा, आरपार. मला तो आला. कुणाला सांगू असं झालं. दहावीच्या निकालानंतर इतका आनंद मला बहुधा झालेला नव्हता.

भांडुपहून परळ. रोज मी लोकलनं जाते. त्या दिवशी टॅक्सी केली. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो, हे बावन्न वर्षांत पहिल्यांदाच मनापासून जाणवलं. टॅक्सीतही नसतो म्हणा, पण टॅक्सी थांबवता येते. सायनला थांबवावी लागलीही.

आत गेल्यावर कपडे बदलायला दिले. गाऊन, आणि मागून उघडी असलेली कागदी पँट. बायकांनी इथे अडायचं कारण नाही. सोबत बाई असू दे असं म्हटलं की सिस्टर किंवा मावशी पूर्णवेळ थांबतात. मी म्हटलं, आणि कुणी भुवई उंचावली नाही. कवळी काढून ठेवायची, नेलपॉलिश पुसून जायचं, कारण बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात आणि तो चिमटा रंगाला फसू शकतो. संमतीचा कागद मी वाचून सही केला. त्यात आतड्याला छिद्र पडण्याचा धोका लिहिलेला असतो. वाचून हात थांबला. डॉक्टरांनी सांगितलं, हजारात एखाद्याला, बहुतेकदा त्याहूनही कमी, आणि पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब, काढावा लागला तर थोडा जास्त. शून्य म्हणाले असते तर मला उलट संशय आला असता.

आधी वरची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी : तोंडातून नळी जठरात. घशात बधिर करणारा फवारा मारला. कडू. जीभ बटाटवड्यासारखी सुजल्यागत वाटते, सुजलेली नसते. दातांमध्ये एक प्लास्टिकचं कडं. नळी करंगळीएवढी जाड. माझी सगळी भीती गुदमरण्याची होती, पण नळी जाते अन्ननलिकेत. श्वासाचा रस्ता वेगळा, तो मोकळाच असतो. नाकानं सावकाश श्वास घ्यायचा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती. डाव्या कुशीवर वळवलं, हातातल्या सुईतून औषध सोडलं, सिस्टरनं विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एक. पुढचं वाक्य माझ्या मते मी बोलले. त्यानंतर मला आठवतं ते थेट रिकव्हरीचं छत.

मधला सगळा वेळ पुसलेला. हा त्या औषधाचा गुण आहे. काही जण आत असताना बोलतात, कुशीवर वळ म्हटलं की वळतातही, पण आठवण उरत नाही. म्हणून कुणीतरी सोबत हवंच. यजमानांच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावलं, मी मान डोलावली, आणि पाच मिनिटांनी विचारलं, डॉक्टर आले नाहीत का अजून? असं तीनदा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, महत्त्वाचं काही ठरवायचं नाही. तुम्ही शुद्धीवर असल्याचं फक्त तुम्हालाच वाटत असतं.

आणि गॅस. आतडं नीट दिसावं म्हणून त्यात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. नंतर तो जायला हवा. रिकव्हरीत आम्ही पडद्याआड सहा जणं होतो, सगळे सभ्य, सगळे पोट धरून. मावशी पडदा बाजूला सारून म्हणाल्या, "लाजू नका हो कुणी, सोडा! इथं सगळे त्यासाठीच झोपलेत." मग काय झालं ते लिहीत नाही. पण त्या वॉर्डातल्यासारखा मोकळेपणा मी नंतर कुठल्याही हळदीकुंकवाला पाहिलेला नाही.

निकाल असा. वर जठराला सूज, तिथून तुकडा घेतलेला, त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू निघाला. जठराच्या आम्लात कुठला जंतू जगेल, असं डॉक्टर लोक वर्षानुवर्षं म्हणत. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४मध्ये तो जंतू स्वतः पिऊन, आजारी पडून, स्वतःची एंडोस्कोपी करवून दाखवली. पुढे २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. मला चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. खाली, मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात, आठ मिलिमीटरचा एक पॉलिप. तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढून टाकला. मला काही कळलंही नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापलेलं कळत नाही, ताणलेलं कळतं. १९६९ साली न्यूयॉर्कला विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी हा फास वापरायला सुरुवात केली, त्याआधी इतक्या आतल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागे.

बायोप्सी हा शब्द ऐकला की आपल्याकडे घरात रडारड सुरू होते. माझ्या नणंदेनं तर फोनवरच देवाला नारळ बोलून टाकला. तुकडा घेतला म्हणजे कॅन्सरचा संशय आहे असं नसतं. जंतू बघायला घेतात, सूज कसली आहे ते बघायला घेतात, गव्हाचं वावडं आहे का ते बघायलाही लहान आतड्याचा तुकडा घेतात. आणि मुंबईत आणखी एक कारण असतं, ते म्हणजे टीबी. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे टीबी बसतो आणि क्रोन्स नावाच्या, आतड्याला सूज आणणाऱ्या आजाराची हुबेहूब नक्कल करतो. दोघांची औषधं अगदी वेगळी. क्रोन्सचं औषध टीबीला दिलं तर घात. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखणं कठीण, म्हणून तुकडा.

माझ्या पॉलिपचा रिपोर्ट आठवड्यानं आला. कॅन्सर नाही, पण ज्या जातीचे पॉलिप पुढे कॅन्सरकडे वळू शकतात त्यांतला. ते वळायला साधारण दहा वर्षं लागतात. मी दहा या आकड्याकडे बघत बसले. अण्णा ४८ वर्षांचे असताना मी विशीत होते. तेव्हा त्यांच्या पोटात असाच एक, आठ मिलिमीटरचा, कुणाला न सांगता बसलेला असेल.

रिपोर्ट हातात आला की आपण फक्त शेवटची ओळ वाचतो. मी आता वरच्या ओळीही वाचायला शिकले. नळी सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत, पोचली का? पोचली असेल तर अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो असतो. आतडं किती स्वच्छ होतं? त्याला बोस्टन नावाचे गुण देतात, तीन भागांना प्रत्येकी तीन, असे नऊपैकी. कुठल्याही भागाला दोनच्या खाली गुण असतील तर त्या भागातलं नीट दिसलंच नाही असं समजायचं. मला आठ. आणि नळी बाहेर काढताना सावकाश बघत काढतात. त्याला किमान सहा मिनिटं तरी द्यावीत असा दंडक आहे. आपण जे दोन लिटर पितो त्याचा हिशेब या गुणांत असतो. आळस करून शेवटचे तीन पेले बेसिनमध्ये ओतणारे असतात, मी ओळखते अशांना. इतकं करूनही बारीकसा पॉलिप नजरेतून सुटू शकतो, हे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

नंतर दोन आठवडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पोटात जोरात दुखलं, ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. पॉलिप काढलेल्या जागेतून आठवड्यानंतरही रक्त येऊ शकतं. मला काही झालं नाही.

हे वाचून कुणी उठून उद्या दुर्बिणीला नंबर लावू नये. तिशीतल्या पोराला वडापाव खाल्ल्यावर जळजळते, म्हणून एंडोस्कोपी, असा प्रकार मी पाहिलाय. प्रत्येक ढेकरेला दुर्बीण नको. पण घास अडकतोय, कारण नसताना वजन उतरतंय, उलट्या थांबत नाहीत, काळं शौच होतंय, रक्त पडतंय, रक्त कमी झालंय, पोटाची रोजची सवय अचानक बदलून तशीच राहिलीय, तर मात्र सुरण आणि ताक पुरे. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत हे होतं, खाजगीच्या मानानं खर्चही कमी असतो. रांगेची तयारी ठेवायची.

भावाला सांगायला मला तीन आठवडे लागले. एरवी आम्ही दिवसाला दोनदा बोलतो. पण हे कुठून सुरू करायचं? शेवटी फोनवर एका दमात सांगितलं. तो गप्प. मग म्हणाला, "ताई, मला काही त्रास नाहीये." मी म्हटलं, त्रास व्हायच्या आधीच करायची असते. मग बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, आणि फोन ठेवता ठेवता खरी अडचण बाहेर आली. तो अजून लालबागलाच राहतो, त्याच खोलीत. मजल्यावर अजून चारच संडास आहेत. आता टाइल्स आल्यात आणि प्रत्येकात दिवा आलाय, एवढंच. "दोन लिटर पिऊन मी रांगेत उभा राहू?"

म्हणून तो गेल्या महिन्यात आदल्या दुपारी भांडुपला आला. येताना नारळ घेऊन आला, चार. बायकोनं डब्यात मऊ भात दिला होता, तो मी काढून घेतला. संध्याकाळचा लिटर त्यानं नाक दाबून संपवला. रात्री आम्ही दोघं हॉलमध्ये गाद्या टाकून अण्णांबद्दल बोलत बसलो. तो म्हणाला, त्याला एकदा दिसलं होतं. खूप आधी. अण्णांनी धुवायला टाकलेल्या पायजम्यावर. "मी आईला सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांना आवडणार नाही." मी काही बोलले नाही. तेव्हा तो चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल.

पहाटे पाचला त्याला उठवलं. सव्वासहा वाजता आतून हाक आली.

"ताई."

"काय रे?"

"पिवळं म्हणजे कितपत पिवळं? मला कळत नाहीये. बघतेस का एकदा?"

मी दार ढकललं, दिवा लावलेलाच होता. वाकून पाहिलं.

"अजून गढूळ आहे," मी म्हटलं. "तीन पेले राहिलेत. आण इकडे, गार करून देते."